तबला कोरडा, तबलजी ओला

परदेश दौऱ्यात तबलावादकाने दोन गोष्टींपासून जपून राहावं : पाणी आणि पाहुणचार. युरोपातल्या काही गावांत या दोन्ही गोष्टी एकदमच मिळतात, आणि दोन्ही उकळत्या.

तबल्याची पुडी, म्हणजे वरचं ताणलेलं चामडं, मुळातच नाजूक तब्येतीची. हवेत ओल आली की सूर उतरतो, सभागृहातलं हीटिंग जोरात असलं की चढतो. त्यामुळे दौऱ्यात मी तबल्याला मांडीवर घेऊन फिरतो आणि स्वतःची बॅग हमालासारखी ओढतो. विमानतळावरचा थाट तर विचारूच नका. पुडीवरच्या काळ्या लेपात, म्हणजे शाईत, लोखंडाचा कीस असतो, त्यामुळे तपासणीच्या पडद्यावर तबल्याच्या तोंडावर एक काळाकुट्ट गोल उमटतो. शेजारी तबला सुरात लावायची हातोडी. तिच्या शेजारी डबीत पांढरी पावडर. ‘ही बोटांना लावायची’ असं सांगताना माझा चेहरा आपोआप गुन्हेगाराचा होतो. या खेपेला अधिकाऱ्याने वाजवूनच दाखवायला सांगितलं. मी तिथेच फरशीवर बसून तीनतालातला एक कायदा, म्हणजे बोलांची एक ठरलेली रचना, वाजवला. त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि हातोडी जप्त केली.

बुडापेस्टला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे हातोडी शोधणं. आयोजक बाई उत्साही. त्यांनी घरातून एक हातोडी आणून दिली. छान वजनदार, लाकडी मूठ, तोंडाला बारीक दाते. तबल्याच्या वाद्यांखालच्या लाकडी गट्ठ्यावर दोन ठोके मारल्यावर कळलं, ही श्नित्झेलसाठी मांस कुटून पातळ करायची हातोडी. ज्यांना मी साथ करतो ते आमचे गायक बुवा शुद्ध शाकाहारी, सोवळ्यातले म्हणावेत इतके. त्यांनी विचारलं, “अरे, कुठून मिळवलीस?” मी म्हटलं, “इथली खास आहे, बुवा.” खोटं काहीच बोललो नाही.

मग बाई म्हणाल्या, मैफल संध्याकाळी आहे, तोवर सेचेनी स्नानगृहात जाऊन या. १९१३ साली उघडलेला पिवळाजर्द राजवाडा, आत जमिनीखाली हजार मीटरहून खोल असलेल्या झऱ्याचं पाणी. वर येताना ते सत्तर अंशांच्या पुढे असतं, थंड करून अंगाला सोसेल असं तलावात सोडतात. छातीभर पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. एकेका चालीला इतका वेळ, की बुवा भारावून गेले. “विलंबित कसा सांभाळलाय बघ!” म्हणत ते त्या पटापासून हलेनात. आणि बुवा हलत नाहीत तोवर साथीदार हलत नाही, ही आमची परंपरा.

तासाभराने मी बोटं पाहिली. भिजवलेले बेदाणे! ही सुरकुती कातडीत पाणी मुरल्याने पडते असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. पाण्यात बोटं राहिली की मज्जासंस्था तिथल्या रक्तवाहिन्या आखडून घेते. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो, त्याला सुरकुती पडतच नाही. ओल्या वस्तू नीट पकडता याव्यात म्हणून ही सोय असावी, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. असेल. तबला ही ओली वस्तू नव्हे. संध्याकाळी ‘तिरकिट’ वाजवायला घेतलं तर पुडीतून काहीतरी गुळगुळीत, माफी मागितल्यासारखं निघालं. बुवांनी गाता गाता माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत साधारण एक आवर्तन मावलं असतं.

बुवांच्या गळ्याला मात्र काही होत नाही. त्या दुपारी त्यांनी लांगोश खाल्ला. ही तिथली तळलेली जाड पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. गवयाच्या पथ्यातली मोठी पापं एकाच ताटलीत. “शाकाहारी आहे ना?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि रात्री तारसप्तकात असे काही फिरले की मला अन्याय जाणवला. एरवी शाकाहारी म्हटलं की तिकडे ठरलेला पदार्थ म्हणजे तळलेलं चीज, उकडलेले बटाटे आणि टार्टर सॉस. पुढच्या मुक्कामी चेक देशात गेलो. खिशातले हंगेरीचे फोरिंट गेले, चेक कोरुना आले, चीज तेच.

तो मुक्काम कार्लोवी वारीचा. खुद्द बीथोवनने १८१२ साली इथे जळीतग्रस्तांच्या मदतीसाठी मैफल केली होती, त्यामुळे बुवा गावात शिरतानाच जरा ताठ झाले. इथे पाण्यात उतरण्यापेक्षा पाणी पिण्याला मान. मुख्य झरा व्रीद्लो, ७३ अंशांचा, बारा मीटरपर्यंत उसळणारा. लोक चिनी मातीचे चपटे पेले घेऊन हिंडतात. पेल्याचा कान पोकळ असतो, त्यातूनच पाणी ओढायचं. खांबांच्या लांबच लांब कमानींखाली घोट घ्यायचा, चालायचं, पुन्हा घोट. चव कोमट, खारट, लोखंडी. पेटीवाल्यांनी एक घोट घेऊन उरलेलं फुलझाडांना घातलं. शहाणा माणूस! मी आयोजकांना वाईट वाटू नये म्हणून तीन झऱ्यांचा मान राखला.

या पाण्यात ग्लाउबर मीठ असतं, हे मला मैफलीच्या आधी अर्धा तास कुणीतरी कौतुकाने सांगितलं. याच पाण्यापासून काढलेलं मीठ पूर्वी युरोपभर पोट साफ करायला विकलं जाई.

बुवांनी त्या दिवशी विलंबित एकताल काढला. इतका विलंबित, की एक मात्रा संपून दुसरी येईपर्यंत माणसाने आयुष्याचा हिशेब मांडावा. मांडी घातलेली, समोर शे-दोनशे माणसं, आणि पोटात स्वतंत्र लय सुरू. गायक पाणी प्यायला थांबू शकतो, पेटीवाला भाता सोडून मान डोलवू शकतो. तबलजीने ठेका सोडून उठायचं नसतं. मी डग्ग्यावर नको तितकी घीस घेऊन, म्हणजे तळहात घासून घुमारा काढून, दुसरे आवाज झाकले. नंतर एक गृहस्थ भेटून म्हणाले, “तुमच्या चेहऱ्यावर समाधीची अवस्था दिसत होती.” मी नमस्कार केला आणि त्यांच्याच बाजूने धावत गेलो. त्या रात्री द्रुत मी एवढा चढवला की बुवांची तान मागे पडली. ते अजून त्याला माझा तरुण जोम म्हणतात.

जर्मनीतल्या बाडेन-बाडेनबद्दल फार लिहीत नाही. तिथलं फ्रीडरिक्सबाड १८७७ सालचं, स्नानाचे सतरा टप्पे आणि परंपरेने अंगावर एकही कपडा नाही. बुवा दारातूनच माघारी फिरले. संकोच होताच, पण त्यांचं खरं म्हणणं वेगळं होतं : संध्याकाळी पहिल्या रांगेत तीच माणसं बसली तर त्यांच्याकडे बघून गायचं कसं?

या सगळ्यानंतर इंग्लंडातलं बाथ म्हणजे स्वर्ग वाटलं. रोमन लोकांनी बांधलेलं कुंड, ४६ अंशांचा झरा, दिवसाला अकरा लाख लिटरांहून जास्त पाणी, आणि त्यात उतरायला बंदी. हातसुद्धा लावायचा नाही. गरम पाण्याचा झरा कसा बघावा, ते या लोकांना कळलंय. मी काठावर कोरड्या बोटांनी उभा राहून चांगला तासभर पाण्याचं कौतुक केलं.

इतक्यात आयोजक आले. म्हणाले, हे फक्त बघायचं. डुंबण्यासाठी २००६ साली जवळच नवं स्नानगृह उघडलंय, त्याच झऱ्याचं पाणी, गच्चीवर तलाव, मैफलीआधी दोन तास आहेत, तिकिटं काढून ठेवली आहेत. मी आशेने बुवांकडे पाहिलं. बुवा पिशवीत टॉवेल शोधत होते आणि विचारत होते, “कपडे घालून ना?”