दुर्बीण चिलीतली, डेटा दुसऱ्याचा, मग नाव फक्त आपलंच कसं?

खगोलप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'दूरच्या दुर्बिणीचे पैसे भरले की डेटा आपला. नासाचा तर फुकटच. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव कुणी फोटोखाली लिहीत नाही, मग दुर्बिणीचं कशाला? उलट स्रोत लिहिला की लोक फोटोला मोजत नाहीत.' मी सोडून दिलं असतं. पण पुण्यात बारावीला असलेल्या माझ्या भाचीनं हे वाचलं आणि चिलीतल्या दुर्बिणीचा डेटा इंटरनेटवरून घेऊन केलेल्या टॅरँटुला तेजोमेघाच्या आपल्या फोटोखालून तिथल्या वेधशाळेचं नाव काढून टाकलं. वर मलाच म्हणते, 'मामा, सगळे असंच करतात.'

आधी तिच्याच फोटोचं बघू. हा तेजोमेघ खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ६९ अंशांवर आहे. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. म्हणजे इथून तो क्षितिजावर अडीच अंशही चढत नाही, धुरळ्यातच विरतो. खाली नुसतं पुण्याच्या मुलीचं नाव दिसलं, तर आकाश ओळखणारा कुणीही म्हणेल की हे खोटं आहे. मग तिनं रात्री जागून केलेल्या प्रोसेसिंगवरही, म्हणजे कच्च्या डेटातून चित्र घडवण्यावरही, कुणी विश्वास ठेवणार नाही.

कॅमेऱ्याच्या कंपनीचा मुद्दा तर सगळ्यात बाष्कळ. कंपनी कॅमेरा विकते आणि बाजूला होते. टेलिस्कोप लाइव्हसारख्या, वर्गणी भरून दूरच्या दुर्बिणींचा डेटा देणाऱ्या इंटरनेट सेवेत मात्र डेटाचे तयार संच मिळतात. कुठला तेजोमेघ, चौकट कशी, फिल्टर कोणते, किती सेकंदांची किती एक्स्पोजर, हे सगळं तिथल्या माणसांनी ठरवलेलं असतं. कॅमेऱ्याचे आणि भिंगाचे दोष काढायला लागणाऱ्या डार्क आणि फ्लॅट फ्रेमही त्यांच्याच. शिवाय तोच संच इतर वर्गणीदारही उतरवून घेतात. आता त्यातले दोघं फक्त आपापलं नाव घालून फोटो टाकतात. चौकट तीच, ताऱ्यांच्या जागा त्याच, ठळक ताऱ्याभोवतीचं वलयही तेच. बघणारा म्हणणार, एकानं दुसऱ्याचा चोरला. चोरी कुणीच केलेली नाही, पण आळ दोघांवर. डेटा कुठला ही एक ओळ असती तर प्रश्नच आला नसता. असा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना याची झळ बसत नाही, ती नवख्या पोरांना बसते.

पैसे भरले म्हणून डेटा आपला? पैसे भरून वापरायची परवानगी मिळते, तो डेटा आपण गोळा केला असं होत नाही. दुर्बिणीवर वेळ घेऊन लक्ष्य, फिल्टर, एक्स्पोजर सगळं तुम्हीच ठरवलं असेल तर फोटो तुमचा, हे मान्य. तरी दुर्बीण कुठली आणि कुठे, हे लिहायचंच. आपल्या नारायणगावाजवळच्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिथला डेटा वापरणारे शास्त्रज्ञ आपल्या शोधनिबंधात तिथल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

'नासाचा फुकट' हे अर्धं खरं आहे. नासाच्या चित्रांवर सहसा कॉपीराइट नसतो. पण स्रोत म्हणून आपलं नाव द्या, असं नासाच सांगते. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीची चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली येतात, त्यात तर श्रेय देणं ही अटच आहे.

राहिला 'लोक मोजत नाहीत' हा मुद्दा. नासाचं जूनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. त्यावरच्या जूनोकॅम या कॅमेऱ्याची कच्ची चित्रं सगळ्यांना खुली आहेत आणि जगभरचे हौशी लोक त्यांवर काम करतात. जर्मनीतले गेराल्ड आइश्टेट त्यातलेच एक. त्यांनी घडवलेली चित्रं नासा स्वतः प्रसिद्ध करते. खालच्या श्रेयाच्या ओळीत नासा, जेपीएल-कॅलटेक, साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट आणि कॅमेरा बनवून चालवणारी मालिन स्पेस सायन्स सिस्टिम्स हे सगळे असतात, आणि त्यांच्याच शेजारी आइश्टेट यांचं नाव असतं. डेटाचं श्रेय दिल्यानं त्यांचं काम झाकलं गेलं नाही. ग्रीनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या छायाचित्र स्पर्धेत तर खुल्या डेटावरच्या कामासाठी अ‍ॅनी मॉन्डर यांच्या नावाचं वेगळं पारितोषिकच आहे.

लिहायचं तरी किती असतं? डेटा कुणाचा, दुर्बीण कुठली, प्रोसेसिंग कुणाचं. दोन ठिकाणचा डेटा मिसळला असेल तर तेही सांगा: रंग माझ्या कॅमेऱ्याचे, हायड्रोजन-आल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) चिलीतल्या दुर्बिणीचा.