'एस' लाव म्हणता, पण कशाला ते तर सांगा!

दहा वर्षं इंग्रजी शिकून पोरगं 'माय ब्रदर गो टू कॉलेज' लिहितं आणि आपण म्हणतो, पोरगं ढ आहे. डोकं फिरतं माझं हे ऐकलं की! 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिलीपासून! तरी कर्ता आणि क्रियापदाचा मेळ मुलांना बसत नसेल, तर ढ कोण ते एकदा नीट ठरवू या.

शिकवतात कसं बघा. फळ्यावर नियम लिहायचा: कर्ता एकवचनी असेल तर क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस'. झालं, करा पाठ. त्याच मुलाला आधी सांगून ठेवलेलं असतं की 'एस' लावला की अनेकवचन होतं, बुकचं बुक्स, कॅटचं कॅट्स. मग तोच 'एस' आता एकवचनाचा कसा झाला? यावर अवाक्षर नाही. आणि एखादीने विचारलंच, की सर, मीसुद्धा एकटीच आहे, मग 'आय गोज' का नाही, तर उत्तर ठरलेलं: जास्त शहाणपणा नको. अहो, शहाणपणाच आहे तो! अर्धा नियम तुम्ही सांगितलात. 'आय' आणि 'यू' सोडून जो एकटा उरतो, म्हणजे ही, शी, इट किंवा कुणा एकाचं नाव, त्यालाच हा 'एस' लागतो, तोही फक्त वर्तमानकाळात. कॅन, विल, मस्ट यांना तेवढाही नाही. भूतकाळात वॉज आणि वेअर सोडले तर काही बदलतच नाही. आपल्याकडे गेलो, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेल्या; तिकडे सगळ्यांना मिळून एक 'वेंट'. इतकं थोडं आहे हो हे! मराठी घरातलं लहान पोर 'दादाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले' असं सहज बोलतं. तिथे तर क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. ते ज्याला जमतं, त्याला एक 'एस' जमू नये?

जमत नाही, कारण मूल नेमकं कुठे अडतं ते कुणी बघतच नाही. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स आर डिस्प्लेड' अशा सूचना कॉलेजांच्या फलकांवरसुद्धा दिसतात. का होते ही चूक? 'निवडलेल्या उमेदवारांची यादी लावली आहे' म्हणताना आपली यादी क्रियापदाला खेटून असते. इंग्रजीत यादी पुढे निघून जाते आणि क्रियापदाच्या शेजारी उमेदवार येऊन बसतात. मूल शेजारी बघतं आणि 'आर' लावतं. त्याला एवढंच विचारा: काय लावलंय? यादी. एक की अनेक? एक. मग 'इज'. संपला विषय! 'कांद्याचे भाव वाढला' असं उभ्या महाराष्ट्रात कुणी म्हणणार नाही, पण 'द प्राइसेस ऑफ अनियन हॅज इन्क्रीज्ड' बिनदिक्कत लिहिलं जातं. मराठीचा हा आधार मुलाच्या तोंडात आयता असतो आणि इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की त्यालाच गप्प बसवतात.

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांबद्दल तर बोलायलाच नको. 'नन' म्हणजे 'एकही नाही' हा शब्द आला की नेहमी एकवचन. 'टीम' आली की नेहमी एकवचन. नेहमी! 'नन आर' इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलंय, चांगले शब्दकोश ते मान्य करतात. ब्रिटिश लोक 'द टीम आर प्लेइंग वेल' सर्रास म्हणतात. ज्यांची भाषा आहे त्यांना जे चालतं, ते आमच्या गाइडवाल्यांना चालत नाही. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेल्या पोरांनी असली अर्धवट गाइडं विकत घेऊन घोकायची, हे मला सहन होत नाही.

आणि सगळ्यात संताप येतो तो हसणाऱ्यांचा. माझा एक विद्यार्थी मुलाखतीला गेला होता. हिशेबात पक्का, कामाला वाघ. घरचं विचारल्यावर तो म्हणाला, 'माय पेरेंट्स वर्क्स इन फार्म.' आईवडील दोघं, म्हणून त्याने 'एस' लावला. अनेकवचनाला 'एस' लागतो हेच तर शाळेने त्याच्या डोक्यात बसवलं होतं. समोरचे एकमेकांकडे बघून हसले. पुढच्या प्रश्नांची उत्तरं येत असूनही त्याच्या तोंडून धड शब्द फुटेना. कळलं होतं ना तुम्हाला, त्याचे आईवडील शेतात राबतात ते? पूर्ण कळलं होतं. मग हसलात कशाला?