पेटी कोण उचलणार?

बडोद्यातल्या कुठल्याही मराठी कार्यक्रमाला जा. पोह्यांच्या प्लेटा रिकाम्या व्हायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "मोबाईलने वाचन संपवलं हो!" म्हणणारे बहुधा माझ्याच वयाचे, साठी ओलांडलेले. आणि हे बोलून झालं की पहिलं काम काय, तर व्हॉट्सअ‍ॅप बघायचं.

मला हे पटत नाही. आमच्याकडे मराठी वाचन आटलं ते पुस्तक घरापर्यंत यायची वाट बुजली म्हणून. मोबाईल नंतर आला.

ज्या गावात हे रडगाणं चालतं त्या गावाचा इतिहास जरा आठवून बघा. सयाजीराव महाराज १८६३ मध्ये नाशिककडच्या कवळाण्यात जन्मले, १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आले. बारा वर्षांचा मुलगा, तोवर लिहिण्यावाचण्याशी जवळपास संबंधच नव्हता. मुळाक्षरं गिरवायला सुरुवात झाली ती राजवाड्यात. पुढे याच माणसाने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की एवढ्याने भागत नाही. चौथीपर्यंत शिकून शेतावर गेलेल्या पोराच्या हाती पुन्हा छापील कागद लागलाच नाही, तर चार-सहा वर्षांत अक्षरं पुसली जातात. शाळेवरचा सगळा खर्च पाण्यात. ग्रंथालय चळवळ निघाली ती या व्यवहारी हिशेबातून. "वाचाल तर वाचाल" छापाच्या सुविचारातून नाही.

१९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. ते १९१३ पर्यंत इथे होते. मांडवीजवळच्या ज्या सेंट्रल लायब्ररीसमोरून आपण हॉर्न वाजवत जातो, तिची सुरुवात महाराजांच्या खासगी संग्रहातल्या वीसेक हजार पुस्तकांनी झाली. (आत काचेच्या फरशीचे मजले आहेत, वरचा उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. बडोद्यात जन्म काढून ते न पाहिलेले लोक मला माहीत आहेत.) गावोगावच्या वाचनालयांसाठी नियम सोपा होता. लोकांनी जेवढी रक्कम जमवली तेवढीच प्रांत पंचायतीने, म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीने, घालायची आणि तेवढीच दरबाराने. म्हणजे नुसतं सरकारकडे तोंड करून बसायची सोय नव्हती, पण गावाला एकटं सोडलेलंही नव्हतं.

त्यातलं सगळ्यात मला आवडतं ते फिरतं वाचनालय. लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं. ज्या गावात वाचनालय नाही तिथे ही पेटी जायची. नेण्या-आणण्याचा खर्च दरबाराचा. गावातल्या जबाबदार माणसाने ती ताब्यात घ्यायची, लोकांना पुस्तकं द्यायची, मुदत संपली की परत पाठवायची. वाचनाची गोडी लागेल तेव्हा लोक शहरात येतील, असा विचार कुणी केला नाही. आधी पेटी गेली, गोडी मागाहून लागली.

आता आजचं बघू. बडोद्यात मराठी पुस्तक येतं कसं? "पुण्याला कोण चाललंय?" या प्रश्नावर येतं. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात एकेकाळी प्रत्येक वाड्यात एक तरी मराठी मासिक यायचं, ते हातोहात फिरायचं. आता ती माणसं सोसायट्यांमधून पांगली, कपाटं रद्दीत गेली. ऑनलाइन मागवावं तर दोनशेच्या पुस्तकाला टपालखर्चच डोळे पांढरे करतो. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली. त्यावर आपल्यापैकी किती जण बोलले? साहित्य संमेलन मात्र आपल्याकडे चार वेळा झालंय, १९०९, १९२१, १९३४ आणि अगदी अलीकडे २०१८ मध्ये. संमेलन हवंच, मीही मिरवले. पण मांडव उठला की पुस्तकांचे गाळेही उठतात.

आणि मुलांचं म्हणाल तर माझी नात घरी झक्क मराठी बोलते. मधेच गुजराती वळणाने "आजी, तू बेस ना" (म्हणजे बस ना) म्हणते, पण ते बडोद्याचं मराठीच आहे, तिला कुणी पुणेरी कात्री लावू नये. शाळा इंग्रजी माध्यमाची, गुजराती विषय आहेच, दुकानांच्या पाट्या गुजराती. ती गुजराती भराभर वाचते. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, पण मराठीचं पान आलं की अडखळते, कारण घरातल्या मराठी पुस्तकांत तिच्या वयाचं एकही नाही. यात मोबाईलचा काय दोष? उलट मराठी गोष्टी तिला मिळाल्या त्या मोबाईलवरच, ऑडिओत. रात्री अंथरुणात पडून ऐकते.

"ऐकणं म्हणजे काय वाचणं का?" असं आमच्या गटातल्या एका काकांनी विचारलं. काका, तुमच्याच वाड्यात चातुर्मासात पोथी लागायची ना? वाचणारा एक, ऐकणाऱ्या पंधरा बायका. त्यातल्या निम्म्यांना अध्यायच्या अध्याय पाठ होते. त्यांना आपण कधी अडाणी म्हटलं का? तरी एवढं मान्य करते की ऐकणारी मुलगी आपोआप वाचणारी होत नाही. माझी अजून झालेली नाही. आणि फोनमुळे एका जागी तासभर बसून वाचायची सवय मोडते, हेही खरंच. माझं स्वतःचं दहा पानांनंतर लक्ष उडतं. पण ज्या घरात वाचायला काही नाहीच, तिथे लक्ष उडण्याची चर्चा कशाला?

ज्यांना जुनं वाचायचंय त्यांच्यासाठी तर हा काळ चांगला आहे. शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं आणि मासिकं, जी बघायला एके काळी ग्रंथपालाच्या हातापाया पडावं लागायचं, ती आज स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेली आहेत. ई-साहित्य नावाच्या संकेतस्थळावाले नवं लेखनही विनामूल्य देतात. अक्षर मोठं करता येतं, हे मोतीबिंदू झालेल्यांना विचारा.

आमच्या सोसायटीत आम्ही पाच-सहा जणींनी आता दिवाळी अंक वाटून घेतलेत. एकीने एकच घ्यायचा आणि पंधरा दिवसांनी पुढे सरकवायचा. अंक घरात अडवून ठेवणारीला सगळ्या मिळून फोन करतात, फार प्रभावी उपाय आहे. मुलांसाठी काय घ्यायचं यावर मात्र भांडणं चालू आहेत. मला चित्रांची, कमी मजकुराची पुस्तकं हवीत, बाकीच्यांना "संस्कार" हवेत.

पुढच्या आठवड्यात माझी भाची पुण्याहून येतेय, तिथल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, जाऊन यायला तयार आहे. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी शुक्रवारपर्यंत मला मेसेंजरवर पाठवा. एकाने तीनच नावं द्या, पैसे आधी. आणि कृपा करून कुणी कोशाचे खंड सांगू नका, पोरगी रेल्वेने येतेय.