माणसाच्या ताकदीची काळजी सगळ्या गावाला, बाईच्या इच्छेचं काय?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही गावात जा आणि माणसापुढे नसबंदीचं नुसतं नाव काढा, पहिला प्रश्न ठरलेला आहे, ताकद जाईन का? नाही जात हो. दहा-वीस मिनिटांचं काम, टाके नाहीत, शुक्राणूची नळी तेवढी बंद होते, हार्मोन होते तसेच राहतात, शरीरसंबंधाची इच्छा पण तशीच राहते. तरी कोणी तयार होत नाही. २०१९-२१ च्या एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं आणि नवऱ्याने नसबंदी केली अशा ०.३ टक्के. म्हणजे माणसाची इच्छा कमी होईल ही नुसती भीती, आणि ती पण खोटी, तरी नाही म्हणायला पुरते. आणि बाई दिवस राहू नये म्हणून जी गोळी वर्षानुवर्षे घेते तिने काही जणींची इच्छा खरोखर कमी होते, पण हे तिला कोणी एका शब्दाने सांगत नाही.

मी डी.फार्म. केलेली बाई, नवऱ्यासोबत गावातलं मेडिकल चालवते. नवरा जेवायला घरी गेला की बायका येतात. आधी बाम मागतात, नाहीतर लेकराचा खोकल्याचा सिरप, मग इकडेतिकडे पाहून हळूच, "ताई, ह्या गोळ्यानं मन मरते का वं? मले काई वाटतच नाई आताशा. हे म्हन्ते तुह्यं दुसरीकडं मन हाय." नवऱ्याला सरळ संशयच. दोन लेकरांची माय, दिवसभर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचून आलेली, तिला रात्री हे ऐकावं लागते आणि तिला स्वतःला पण कळत नाही की आपल्याला झालं काय.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे इच्छेशी जोडलेलं हार्मोन, फक्त माणसातच असते असं नाही, बाईच्या अंगात पण थोडंसं असते आणि त्यातलं बरंच अंडाशयात बनते. गोळी अंडाशयाला आराम देते, म्हणून तर दिवस राहत नाहीत, पण त्यासोबत टेस्टोस्टेरॉन बनणं पण घटते. वरून गोळीतल्या इस्ट्रोजेन हार्मोनमुळे लिव्हर एसएचबीजी नावाचं प्रोटीन जास्त बनवते आणि ते उरलेल्या टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते, मोकळं फार थोडं राहते. काही जणींना त्यात कोरडेपणा येतो, मग दुखते, आणि जे दुखते त्याची इच्छा कोणाला होईन?

पण याचा अर्थ प्रत्येकीचं असंच होते का? बिलकुल नाही, आणि इथेच लोकं घोळ करतात. २०१३ मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांचा एक आढावा निघाला होता, त्यात गोळी घेणाऱ्या ८,४२२ बायका होत्या. साधारण १५ टक्के जणींची इच्छा कमी झाली, २२ टक्क्यांच्या आसपास जणींची उलट वाढली, बाकीच्यांना काही फरकच नाही. वाढली ते मला तर पटते, दिवस राहायची धाकधूक डोक्यावरून उतरली की बाई मोकळी होते. मग २०१६ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या डॉक्टरांचा अभ्यास आला, ३४० निरोगी बायका, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना बिनऔषधाची, कोणाला कोणती ते तीन महिने कोणालाच माहीत नाही. शरीरसंबंधाबद्दल विचारलेल्या प्रश्नांच्या एकूण मार्कात फरक नाही निघाला, पण इच्छा, उत्तेजना आणि आनंद या तीन गोष्टी खऱ्या गोळीवाल्यांमध्ये थोड्या कमी भरल्या. आणि ती गोळी कोणती होती? लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम, एथिनाइल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. घरातलं माला-डी किंवा आशाताईनं दिलेलं माला-एनचं पाकीट काढून मागे वाचा, हेच लिहिलेलं आहे.

दिवस राहू नये म्हणून दर तीन महिन्यांनी टोचतात त्या अंतरा इंजेक्शनचं वेगळं. त्यात इस्ट्रोजेन नाही, पण एकदा टोचलं की तीन महिने अंगातून काढता येत नाही, म्हणून ते घ्यायच्या आधीच विचारून घ्यायचं असते. सिस्टर सांगते की पाळी बिघडेल, बंद पण होईल, तेवढं बरोबर सांगते. इच्छेचं राहून जाते.

आणि गंमत अशी की महालक्ष्म्या आल्या की पाळी लांबवायची गोळी बायका भर दुकानात माणसांच्या गर्दीत मोठ्याने मागतात. तो पण हार्मोनच आहे ना बाप्पा! देवासाठी घेतला तर लाज नाही, स्वतःसाठी घेतला की पेपरात गुंडाळून द्या.

सगळं खापर गोळीवर फोडा असं मी म्हणत नाही. रक्त कमी असणं, बाळंतपणानंतरचा काळ, एका खोलीत सासू-सासरे आणि लेकरं, नवऱ्याच्या तोंडाचा दारूचा वास, यातल्या कशानेही मन उडू शकते. म्हणून मी आधी विचारते की गोळी सुरू करायच्या आधी कसं होतं आणि नंतर कसं आहे. फरक गोळीनंतरच पडला असेल तर पीएचसीत जाऊन तसं सांगायचं. अर्ध्या पाकिटातून गोळी फेकून द्यायची नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात वेगळंच टेन्शन. कॉपर टी आहे, तिच्यात हार्मोन नाही, काही जणींना अंगावरून जास्त जाते ते खरं. छाया नावाची गोळी आहे, लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेची, तिच्यात माला-डीसारखे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन हे हार्मोन नाहीत, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. निरोध आहे. आणि वर सांगितली ती दहा-वीस मिनिटांची नसबंदी पण आहे, पण तिथे सगळ्यांना शेतीची कामं आठवतात.

एका बाईला तर सांगण्यात आलं म्हणे की दोन लेकरं झाली, आता काय करायची इच्छा. बत्तीस वर्षांची बाई आहे ती. तिच्या नवऱ्याला असं कोणी म्हणून दाखवावं.

ही पोस्ट वाचून काही जण माझ्या नवऱ्याला सांगायला येतील की बायकोला आवरा. त्यांनी यावं, तो पण वाचून बसला आहे. बायकांनी कमेंटमध्ये नाव टाकू नका, गाव लहान आहे, दुपारी एक ते तीन मी काउंटरवर एकटीच असते.