नाताळच्या प्रीतीभोजनात रोडगे-वांग्याची भाजी झालीच पाहिजे

डिसेंबर लागला की आमच्या गावाकडे पहिला विषय बोकडाचा, आणि मग कुणीतरी मला विचारतेच, "तू तं काही खात नाईस, मंग तुह्या कायचा नाताळ?" मी ख्रिस्ती घरातला आहे आणि मटन, चिकन, अंडी खात नाही. माझा नाताळ कुणापेक्षा कणभर कमी नसतो. करंज्या, अनारसे, चिवडा, शंकरपाळे हा आपला नाताळचा फराळ सगळा शाकाहारीच तर आहे, आणि केक म्हणाल तर दही आणि खायचा सोडा घालून रव्याचा केक कुकरची शिटी काढून मस्त फुगतो.

बायबलमधल्या लूकच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, मेनू कुठंच नाही. पोलंडमध्ये तर 24 डिसेंबरच्या रात्रीचं मोठं जेवण परंपरेनं बिनामटनाचं असते, मासे चालतात फक्त. मटन ही आपली सवय, असू द्या, मला त्याची काही अडचण नाही, रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौल दोघांनाही सांगतो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये अन् न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष देऊ नये.

पण नाताळला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांचं मिळून जे प्रीतीभोजन असते, त्याचं मला खरंच लागते. तिथं शाकाहारी म्हणजे कोपऱ्यात एक गंज पातळ वरण अन् भात, तेही शेवटी आठवलं म्हणून केलेलं. आपण गावातल्या माळकरी शेजाऱ्यांना आग्रहानं बोलावतो, ते नवे कपडे घालून येतात, पोरांच्या नाटकाला टाळ्या वाजवतात आणि जेवायच्या वेळी "घरी पाहुणे आहेत" म्हणून निघून जातात. मला ते पाहवत नाही हो.

रोडगे लावा ना! या दिवसात वांगी शेतात लदलेली असतात, तुरीच्या शेंगा ओल्या आहेत, सोल्याची भाजी होते, संत्री आहेत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा रोडगा, वरून तूप, बाजूला झणझणीत वांग्याची भाजी, मटनवाले पण दोनदा वाढून घेतील.

आमच्या मंडळीत काही वडीलधारे म्हणतात रोडगे म्हणजे नवसाचं जेवण, ते आपल्यात कसं चालन. त्यांचा मान ठेवून सांगतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, आज आपण त्यांची भजनं टाळ वाजवून गातो अन् कुणाला खटकत नाही. मग कणकेचा गोळा अन् विस्तव यानंच काय बिघडते?

रविवारी उपासनेनंतरच्या मीटिंगमध्ये पाळक साहेबांसमोर मी हे मांडणार आहे. मटनाची कढई राहू द्या, तिच्या बरोबरीनं रोडग्यांचा आर पेटू द्या आणि पंगत एकच बसवा. गोवऱ्या आमच्या घरून, वांगी पण देतो. भाजायला पाच-सहा पोट्टे पाहिजेत, ज्याला जमते त्यानं मला फोन करा.