कबुतर, पिचकारी आणि अर्धा पिक्सेल

बाल्कनीत कबुतर बसलं की आपोआप नेम धरून पाण्याची पिचकारी उडाली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने विचारलं, "कॅमेरा कुठला देऊ?" आणि माझी साडेसाती सुरू झाली.

सगळ्यात स्वस्त कॅमेरा ओव्ही७६७०. पण त्याचं ६४० बाय ४८० चं एक रंगीत चित्र सुमारे ६०० केबीचं, आणि घरात पडलेल्या आर्डुइनो उनो या प्रोग्राम करायच्या छोट्या बोर्डाची रॅम २ केबी. म्हणजे विहीर चमच्यात ओतायची. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरचा १२ मेगापिक्सेलवाला कॅमेरा स्वतःच फोकस करतो, पण एका कबुतरासाठी एवढा खर्च घरात सांगणार कोण? शेवटी ईएसपी३२-कॅम घेतला, म्हणजे बोर्ड आणि कॅमेरा एकत्रच.

या बोर्डाला यूएसबीचं तोंडच नाही. प्रोग्राम टाकायला वेगळा अडॅप्टर. त्यात एक पिन ग्राउंडला जोडा, रिसेट दाबा, अपलोड करा, वायर काढा, परत रिसेट दाबा. वायर काढायची राहिली की बोर्ड ढिम्म. यूएसबीची वायर बारीक असली की 'ब्राउनआउट' (म्हणजे व्होल्टेज कमी पडलं) म्हणत तो स्वतःच बेशुद्ध पडतो. लेन्सवर कारखान्यातूनच डिंकाचा ठिपका. तो ब्लेडने खरवडून, पकडीने लेन्स केसभर फिरवली, तेव्हा कबुतराला चोच फुटली.

पण भिंगामुळे ग्रिलचे सरळ गज पोट सुटल्यासारखे दिसत. मग नेम कसला लागणार? कॅलिब्रेशन, म्हणजे भिंगाचा वाकडेपणा मोजून चित्र सरळ करणं, आलंच. त्याला बुद्धिबळाचा पट लागतो, पण घरातला नाही. त्याचे आतले कोपरे ७ बाय ७, उलटा धरला काय, सुलटा काय, सारखाच. म्हणून ९ बाय ६ कोपऱ्यांचा छापून आणला. कागदाला सुरकुती चालत नाही, तेव्हा तो मुलाच्या परीक्षेच्या पॅडवर चिकटवला आणि कॅमेऱ्यासमोर डावीकडे, उजवीकडे, तिरका ओवाळत बसलो.

"अरे, कुणाला दाखवतोयस?" समोरच्या काकू.

"कॅमेऱ्याला, काकू."

त्यांनी खिडकी लावून घेतली.

पटाचे कोपरे ओळखण्यातली चूक अर्ध्या पिक्सेलच्या (चित्रातल्या ठिपक्याच्या) आत आली, म्हणजे उत्तमच. पिचकारी जोडायच्या आधी म्हटलं, फोटो तरी साठवून पाहू. या बोर्डावर मेमरी कार्ड आणि फ्लॅशचा दिवा एकाच पिनवर आहेत. फोटो साठवताना दिवा लुकलुकतो. कबुतर दचकून उडालं! पिचकारीचा खर्च वाचला म्हणून मी खूश.

आता ते दिवा लागला की मान वळवून उजवी बाजू देतं.