‘बालेकिल्ला’ या लेखावरील प्रतिक्रियेस उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘बालेकिल्ला’ हा शब्द फारसीतून आला, असे मी लिहिले. त्यावर आपण म्हणता की ‘बाल’ म्हणजे लहान, म्हणून बालेकिल्ला म्हणजे गडाच्या पोटातला लहान किल्ला. आणि वर असेही की ‘घरात बसून कोश चाळणाऱ्यांना गडावरचे शब्द कळत नाहीत’. मतभेदाचे मला वावडे नाही, या वाक्याचे मात्र आहे. शाळकरी वयापासून वडील मला गुंजवण्याच्या वाटेने राजगडावर नेत आणि पद्मावती माचीवर घटकाभर टेकलो, की बालेकिल्ल्याच्या कड्याकडे बोट दाखवून ‘आता वर’ एवढेच म्हणत. ती उभी चढण ज्याने घाम गाळून चढली आहे, त्याला या शब्दातला ‘वर’ कोशात शोधावा लागत नाही. आपणही ती चढला असाल, तर तिथे ‘लहान’ हा अर्थ कसा सुचला, याचे नवल वाटते.

तरीही मुद्द्याचे बोलू. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. काबूल आणि पेशावर येथील बाला हिसार, अलवरचा बाला किला यांत हाच शब्द आहे. इतक्या दूर जायचे नसेल, तर वऱ्हाडात यावे: तिथे घाटावरच्या मुलखाला बालाघाट आणि खालच्या पूर्णेच्या खोऱ्याला पाईनघाट म्हणत, ‘पाईन’ म्हणजे खालचा. आपल्या न्यायाने बालाघाट हा लहान घाट ठरतो. मग पाईनघाटाचे काय करायचे, तेही आपणच सांगावे.

‘दुर्ग म्हणजे पाण्यातला किल्ला’ असा समज माझ्या एका वाक्याने होऊ शकतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही नावे तिथे ओळीने आली होती. दुर्ग म्हणजे जिथे जाणे अवघड तो. कौटिल्याने पाण्यातल्या दुर्गाबरोबर डोंगरातला, निर्जल प्रदेशातला आणि वनातलाही सांगितला आहे. तसा शब्दबदल केला आहे.

‘कोट’ द्राविडी की संस्कृत, ‘गड’ आधी की ‘गढी’, आणि मी कोणत्या गटाचा, या उरलेल्या प्रश्नांत मी शिरत नाही. शेवटच्याचे उत्तर देण्यास तर मी बांधीलही नाही. ‘लहान’ या अर्थाचा जुन्या कागदातला एखादा दाखला आपल्यापाशी असेल, तर तो जरूर पाठवावा. नुसत्या टोमण्यांना यापुढे उत्तर मिळणार नाही.